मेंढ्या वळणारी कुत्री, मुलुंडचा फ्लॅट

जुईला खाली फिरवताना कुणी ना कुणी थांबवून विचारतंच, "ही कुठून घेतली? आमच्या मुलालाही अशीच हवी आहे." काळी-पांढरी, झुपकेदार शेपटीची बॉर्डर कोली दिसते देखणी, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. उत्तर मात्र रस्त्याच्या कडेला उभं राहून देण्याइतकं लहान नाही. म्हणून जून २०२३ पासून काय काय झालं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी घराबद्दल, कारण सगळे निर्णय त्यावरूनच ठरले. मुलुंड पूर्वेला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, चौथ्या मजल्यावर. मी घरून काम करते, नवरा रोज ठाण्याला जातो, मुलगी तेव्हा आठवीत होती आणि सासूबाई आमच्यासोबत राहतात. मुलीला लहानपणापासून कुत्रा हवा होता. सासूबाईंची अट एकच होती, देवघराच्या उंबऱ्याच्या आत ते येता कामा नये.

मेंढ्या वळणाऱ्या जातींकडे आम्ही मुलीमुळे वळलो. या जाती हुशार आणि पटकन शिकणाऱ्या असतात हे तिने वाचलं होतं. मग मीही वाचायला बसले. आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणायची पद्धत होती तो जर्मन शेफर्ड मुळात मेंढपाळाचाच कुत्रा आहे. आखूड पायांचा कॉर्गी वेल्समध्ये गुरांच्या टाचांना चावे घेत त्यांना हाकायचा. शेल्टी शेटलंड बेटांवरची. ऑस्ट्रेलियन शेफर्ड ही जात नावाने ऑस्ट्रेलियाची असली तरी घडली अमेरिकेच्या पश्चिम भागात. आणि बॉर्डर कोली इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या 'ओल्ड हेम्प' नावाच्या कुत्र्यापर्यंत आजच्या जवळपास सगळ्या बॉर्डर कोलींचा वंश जातो. तो न भुंकता, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या या जातीची निवड रंगरूप बघून नाही तर काम बघून होत गेली. दिवसभर डोंगरावर मेंढ्यांमागे राहूनही ज्याचं लक्ष ढळत नाही, त्याचीच पिल्लं पुढे वाढवली गेली. असा प्राणी साडेसातशे चौरस फुटांत आणायचा असेल तर त्याला काम कोण देणार, हे आधी ठरवायला हवं.

आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांनीही हेच विचारलं. "दिवसाचे दोन तास देणार का, आणि ते पुढची बारा-तेरा वर्षं?" ते म्हणाले, लॅब्रॅडॉरला एखाद्या दिवशी चक्कर चुकली तर तो झोपून जातो, कोली स्वतःचं काम स्वतः शोधून काढते आणि ते तुम्हाला आवडेलच असं नाही. घरी येऊन आम्ही वेळापत्रक मांडलं. पहाट माझी, संध्याकाळ मुलीची, रात्र नवऱ्याची. प्रत्येकाने आपली वेळ स्वतःच्या हाताने लिहिली. हे करायला सांगेन सगळ्यांनाच. कागदावर वेळ बसत नसेल तर प्रत्यक्षातही बसत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लं बघायला गेलो. जाण्याआधी केंद्र सरकारचे श्वान प्रजनन आणि विक्रीबाबतचे २०१७ चे नियम वाचून गेलो होतो, त्यामुळे काय विचारायचं ते ठाऊक होतं. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकण्याआधी मायक्रोचिप बसवलेली हवी. शहराबाहेरच्या एका ठिकाणी तीस-पस्तीस हजार सांगितले. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. "आई बघायला मिळेल का?" असं विचारल्यावर ती गावाला आहे असं उत्तर आलं. नोंदणीचं प्रमाणपत्र मागितल्यावर तर बोलणंच थांबलं. दुसरीकडे आई होती, पण पिंजऱ्यात एकाच जागी गोल गोल फिरत होती. मुलगी परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलली नाही. पिल्लू घ्यायचंच असेल तर त्याची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ती शांत आहे की भेदरलेली, माणसाजवळ येते की नाही, यावरून पिल्लाबद्दल जितकं कळतं तितकं कुठल्याच कागदावरून कळत नाही.

त्याच सुमाराला पशुवैद्यांनी सुचवलं, मोठी कुत्री दत्तक का घेत नाही? टाळेबंदीच्या काळात हौसेने आणलेल्या अशा जाती दीड-दोन वर्षांच्या झाल्यावर लोक सोडून देत होते. प्राण्यांना नवं घर शोधून देणाऱ्या एका गटाचा नंबर त्यांनी दिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्ज भरला. अर्ज चांगला चार पानी होता: घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असल्यास मालकाचं संमतिपत्र, घरात कोण कोण, दिवसा किती तास कुत्रं एकटं राहील, आधीचा अनुभव, गावाला गेल्यावर कोण सांभाळेल. मग फोनवर मुलाखत झाली. पलीकडची ताई मायेने बोलत होती, पण काहीच सोडत नव्हती. "तुमच्या घरी दुपारी कोण असतं?" "मुलीची दहावी आली की फिरवणार कोण?" "आजींना केस चालतील का?" मला हे आवडलं. एकदा घर सुटलेल्या प्राण्यासाठी एवढी चौकशी व्हायलाच हवी.

ऑक्टोबरमध्ये त्यांची दोन माणसं घर बघायला आली. खिडक्यांना ग्रिल होतं, पण बाल्कनीच्या कठड्याच्या फटी त्यांना रुंद वाटल्या. जाळी लावून घेतली, सहा हजार रुपये लागले. सोसायटीचं ना हरकत पत्र त्यांनी मागितलं नाही, तरी मी सेक्रेटरी काकांना जाऊन भेटले. पाळीव प्राण्यांबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सोबत नेली. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत, असं त्यात आहे. पण तो कागद मी पिशवीतच ठेवला. आधी एवढंच सांगितलं, की लिफ्टमध्ये ती पट्ट्यानेच असेल, आवारात घाण झाली तर त्याच मिनिटाला मी उचलेन आणि कुणाला लिफ्टमध्ये भीती वाटली तर आम्ही पुढच्या फेरीला थांबू. काका म्हणाले, "मग माझी काही तक्रार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मात्र स्वतः जाऊन सांगा, त्या घाबरतात." गेले, सांगितलं, चहा घेऊन आले. आजही आम्ही वहिनींना आधी जाऊ देतो.

जुई आम्हाला पहिल्यांदा दाखवली ती ऑक्टोबरच्या अखेरीस. दीड वर्षाची, आधीच्या घरातून 'मुलांना चावते' म्हणून आलेली. चावा म्हणजे काय ते त्या ताईने नीट समजावलं. मुलं पळायला लागली की ती मागून जाऊन टाचेशी दात लावायची. राग नव्हता त्यात, विखुरलेल्या मेंढ्या एकत्र आणायची तिची रीत होती ती. ती आमच्या मुलीशेजारी येऊन बसली आणि तिचा चेहरा निरखत राहिली. फटाक्यांच्या आवाजात नव्या घरी आणणं क्रूर ठरलं असतं, म्हणून दिवाळी उरकल्यावर, १९ नोव्हेंबरच्या रविवारी तिला घरी आणलं. दत्तक घेण्याचे पैसे नव्हते, आधी झालेल्या लसीकरणाचा आणि सांभाळाचा खर्च म्हणून साडेतीन हजार दिले. करारपत्रात दोन मुद्दे ठळक होते. नसबंदी करून घ्यायची, आणि कधी सांभाळणं जमलं नाही तर तिला दुसऱ्या कुणाला परस्पर न देता गटाकडेच परत आणायचं. पहिले दोन आठवडे चाचणीचे.

ते दोन आठवडे अवघड होते. ती जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायची. पंख्याची सावली भिंतीवर फिरली की तिच्यावर नजर लावून अर्धा-अर्धा तास ताठ उभी राहायची. रस्त्यावर प्रत्येक रिक्षाकडे झेपावायची. सासूबाई, मी आणि मुलगी वेगवेगळ्या खोल्यांत असलो की दाराशी बसून कण्हायची, तिघी एका खोलीत आलो की आडवी व्हायची. मला रात्री झोप लागेना. हे आपल्याला पेलवेल का, या प्रश्नाने पोटात गोळा यायचा.

आम्ही प्रशिक्षक लावला. सुरुवातीचे आठ तास, दर तासाला बाराशे रुपये. मार किंवा काटेरी पट्टा वापरणार नाही, हे पहिल्याच फोनवर विचारून घेतलं होतं. त्याने आल्या आल्या चेंडू फेकणं बंद करायला सांगितलं. आम्ही तिला दमवण्यासाठी खाली शंभर वेळा चेंडू फेकत होतो आणि ती घरी येऊन आणखी सैरभैर व्हायची. तो म्हणाला, यामुळे ती दमत नाही, तिचा दम वाढतो. तिला दोन गोष्टी हव्या आहेत, डोक्याचं काम आणि विश्रांतीची सवय. मग आमच्या घरातला दिवस बदलला. ताटलीत खाणं देणं थांबलं. सकाळचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, सोफ्याखाली लपवायचे आणि तिने नाकाने शोधायचे. वीस मिनिटांच्या त्या शोधानंतर ती अशी झोपायची की सासूबाई येऊन बघून जायच्या. खेळण्यांना नावं दिली. अमेरिकेतल्या चेझर नावाच्या बॉर्डर कोलीने हजाराहून अधिक वस्तूंची नावं शिकल्याचं संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. जुई आमच्याकडे 'माकड', 'दोरी', 'मोजा' असे वीस-एक शब्द ओळखते आणि आम्हाला तेवढे पुरतात.

विश्रांतीसाठी एक जुनी चटई ठेवली. चटईवर आडवी झाली की हळूच एक दाणा, बोलणं नाही, थोपटणं नाही. महिनाभरात ती माझ्या मीटिंगच्या वेळी आपण होऊन चटईवर जाऊ लागली. सावलीचं वेड कमी व्हायला जास्त वेळ लागला. पंख्यामागचा दिवा बदलला, दुपारी पडदे ओढून घेतले. या जातींना लेझरच्या ठिपक्याशी कधीही खेळवू नका. हाती न लागणाऱ्या उजेडामागे धावायची सवय लागली की ती सुटता सुटत नाही. रिक्षांसाठी आम्ही लांबून सुरुवात केली. नाल्याकडच्या शांत गल्लीतून मुख्य रस्त्यावरच्या रिक्षा बघायच्या, माझ्याकडे वळून पाहिलं की खाऊ. दर आठवड्याला थोडं जवळ.

डिसेंबरमध्ये एक तपासणी केली, तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष आढळतो. तो असला की काही औषधं मेंदूत साठतात आणि कुत्रं लडखडतं, बेशुद्ध पडतं, दगावूही शकतं. लांब केसांच्या रफ कोली या वेगळ्या जातीत हा दोष दहातल्या सातांमध्ये सापडतो, बॉर्डर कोलीत शंभरात पाचांहून कमी. प्रमाण कमी असलं तरी आपल्याकडे ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण खरूज-गोचिडांवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं, आणि जुलाबावरची माणसांची लोपेरामाइडची गोळी घरच्या घरी देणारेही खूप आहेत. ही दोन्ही त्या यादीत आहेत. भुलीच्या वेळी वापरली जाणारी काही औषधंही आहेत, म्हणून नसबंदीआधीच निकाल हाती असलेला बरा. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतला, तीन हजारांच्या आसपास खर्च आला आणि निकालाला तीन आठवडे लागले. दोष नाही, असं आलं. तुमच्या कुत्र्याची तपासणी झाली नसेल तर नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर जात आधी सांगा आणि इंजेक्शन कशाचं आहे ते विचारा. गोचिडांसाठी आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लुरालेनरची गोळी देतो, ती तीन महिने चालते.

सप्टेंबरमध्ये ती माजावर येऊन गेल्याचं गटाने सांगितलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी नसबंदी जानेवारीत केली. खर्च साडेनऊ हजार. टाके सुकेपर्यंत उड्या बंद, आणि त्या काळात नाकाच्या खेळांनीच आम्हाला तारलं. रेबीजच्या लशीचं चालू प्रमाणपत्र, राहण्याचा पुरावा आणि तिचा फोटो देऊन महापालिकेच्या संकेतस्थळावर परवान्याचा अर्जही त्याच महिन्यात केला. शुल्क किरकोळ आहे. परवान्याचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, म्हणून लशीची तारीख आणि परवान्याची तारीख एकाच ठिकाणी लिहून ठेवा.

थंड डोंगरातली जात मुंबईत ठेवावी का, हा प्रश्न मला आजही गंभीर वाटतो. कुत्रं धापेतून थंड होतं, आणि दमट हवेत धाप फारशी उपयोगाची नसते. एप्रिल २०२४ च्या मध्यात उष्णतेची लाट आली तेव्हा पहाटे साडेपाचची आणि रात्री साडेनऊनंतरची, अशा दोनच फेऱ्या ठेवल्या. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर तिचे पंजेही टेकवायचे नाहीत. दुपारी एका खोलीत एसी चालू असायचा, बिल दीड-दोन हजारांनी वाढलं. उन्हाळा म्हणून केस भादरू नका. वरचे केस ऊन अडवतात, आतली लोकर तेवढी विंचरून काढायची. लाळ घट्ट होणं, हिरड्या गडद लाल होणं, पाय लटपटणं दिसलं तर तिथल्या तिथे साधं पाणी ओतून वारा घालायचा आणि मग थेट डॉक्टरांकडे. ज्यांच्या घरी दुपारी कुणीच नसतं आणि एसी लावणं शक्य नाही, त्यांनी ही जात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याची धास्ती वेगळी. ८ जुलै २०२४ ला रात्रभर कोसळून लोकल ठप्प झाल्या, आमच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी होतं. उंदरांच्या लघवीतून त्या पाण्यात लेप्टो येतो आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. तिची लेप्टोची लस मे महिन्यातच करून घेतली होती. तरी त्या दिवशी तिला तुंबलेल्या पाण्यात उतरवलं नाही, गच्चीवरच्या आडोशाला नेलं. रोज फिरून आल्यावर पंजे साबणाने धुऊन कोरडे करायचे. आतली लोकर ओली राहिली की बुरशी येते, म्हणून गार हवेचा ड्रायर घेतला. सासूबाई तिच्या पोटाखालचे केस टॉवेलने टिपत आरती म्हणतात. देवघराचा उंबरा जुईने आजवर ओलांडलेला नाही, ती बाहेर बसून प्रसादाची वाट बघते.

जानेवारी २०२५ मध्ये कर्जतजवळ एका नातेवाइकांच्या शेतावर गेलो होतो. पावसाळा संपला की घाटावरून धनगरांचे कळप कोकणात उतरतात, आणि शेजारच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. जुईने आयुष्यात मेंढी पाहिली नव्हती. ती थबकली, मान खांद्यांच्या खाली गेली, एक पाय हवेत राहिला. भुंकली नाही. मी पट्टा आखूड केला आणि लांबच थांबले, कारण पळापळीत गाभण मेंढ्या गाभडू शकतात आणि राखणीची कुत्री परक्या कुत्र्याला सोडत नाहीत. वाघरीजवळ, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीजवळ, बसलेले एक आजोबा उठून आले. तिच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "आमची कुत्री मेंढरं वळत न्हाईत, राखत्यात. लांडगा आला तर अंगावर जात्यात. वळायला आमी हाय. हिला शिकिवलं कुणी?" कुणीच नाही, म्हटलं. "मग घरात हिला काम काय?" मी चटई, लपवलेले दाणे, खेळण्यांची नावं असं सगळं सांगितलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "काम हाय म्हणा की मग."

आता महिन्याचा खर्च सांगते. खाणं साडेपाच हजार, गोळ्या-लशींचा सरासरी हजार, केस विंचरायला दीड महिन्यातून एकदा बाराशे. आजारपणासाठी महिन्याला दोन हजार वेगळे ठेवतो. गावाला जायचं तर रेल्वेत तिला एसी फर्स्ट क्लासमध्ये नेता येतं, पण त्यासाठी पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर ब्रेक व्हॅनच्या पेटीत द्यावं लागतं. एसी टू, एसी थ्री किंवा स्लीपरमध्ये परवानगी नाही. त्या पेटीत आम्ही तिला कधीच ठेवणार नाही, म्हणून गणपतीला रात्री अकराला गाडीने निघतो, दर दोन तासांनी थांबतो, आणि गावात पोहोचल्यावर कोंबड्यांच्या खुराड्यापासून लांबच्या पडवीत तिची चटई आधी अंथरतो.